चेहऱ्याचा लकवा, लाल डोळा आणि न भागणारी तहान

आपा फजरच्या नमाजसाठी वुजू करत होती. कुल्लीसाठी तोंडात घेतलेले पाणी ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून आपोआप गळून गेले. तिने पुन्हा पाणी घेतले, पुन्हा तेच झाले. ‘हे काय झालं मला?’ म्हणून ती हसली, तेव्हा अम्मीच्या लक्षात आले की हसताना तिच्या चेहऱ्याची एकच बाजू हलते आहे. उजवा डोळा मिटत नव्हता, कपाळावर त्या बाजूला आठी पडत नव्हती.

आमची थोरली बहीण खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला दिलेली. पावसाळ्यात चार दिवस राहायला म्हणून ती आगरदांड्याला माहेरी आली होती. ऑगस्ट महिना होता, खाडी खवळलेली होती. दुल्हाभाईंना कळवले, पण त्या दिवशी फेरी बंद होती, त्यामुळे ते दुसऱ्या दिवशी पोचले. तोवर मोहल्ल्यातल्या बायका येऊन बघून गेल्या होत्या. कोणी म्हणाले वारा लागला, कोणी म्हणाले नजर लागली, कोणी कबुतराचे रक्त चोळायला सांगितले. अम्मीने दुआ केली, दम करून घेतला आणि आम्ही आपाला डॉक्टरांकडे नेले. दुआ आणि दवा यांत आमच्या घरात कधी भांडण नव्हते. पुढच्या सहा महिन्यांत जे चुकले ते वेगळेच होते. ते इतर घरांत चुकू नये, म्हणून हा लेख.

पाच डॉक्टर, पाच कागद

चेहऱ्याच्या लकव्याला डॉक्टर ‘बेल्स पाल्सी’ म्हणतात. चेहरा हलवणारी नस सुजते आणि एक बाजू लुळी पडते. हा आजार तसा नेहमीचा आहे आणि बहुतेक माणसे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत बरी होतात. आपाला दहा दिवसांच्या स्टिरॉइडच्या गोळ्या मिळाल्या. रात्री डोळ्यात मलम घालून पापणी चिकटपट्टीने बंद ठेवायला सांगितले, कारण डोळा उघडा राहिला तर बुबुळ कोरडे पडून जखम होते. महिन्याभरात चेहरा बराचसा सरळ झाला. आम्ही शुक्र केला आणि विषय संपला असे समजलो.

सप्टेंबरमध्ये चेहऱ्याची डावी बाजू गेली.

ऑक्टोबरमध्ये तिला तहान लागू लागली. साधी तहान नव्हे. उशाशी दोन तांबे ठेवावे लागत आणि रात्रीतून सहा-सात वेळा लघवीला उठावे लागे. सगळ्यांना वाटले मधुमेह झाला. साखर तपासली तर अगदी ठीक. ‘उष्णता वाढली आहे’ असे म्हणून सब्जा आणि कोकम सरबत सुरू झाले. डोके सतत दुखायचे, ते चष्म्याच्या नंबरवर ढकलले गेले.

नोव्हेंबरमध्ये कोरडा खोकला लागला म्हणून छातीचा एक्स-रे काढला. फुप्फुसांच्या मुळाशी दोन्ही बाजूंना गाठी दिसल्या. आपल्या देशात अशा गाठी दिसल्या की पहिला संशय क्षयरोगाचा येतो, आणि तो येणे चूक नाही. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. सासरी आपाची ताट-वाटी वेगळी झाली, लेकराला तिच्याजवळ झोपू देईनात. आजारापेक्षा तिला ते जास्त लागले.

फेब्रुवारीत एका सकाळी ती म्हणाली, ‘डाव्या डोळ्याला धुकं दिसतंय.’ दोन दिवसांत त्या डोळ्याने भिंतीवरचे घड्याळही दिसेना. तेव्हा मात्र आम्ही पहाटे गाडी केली आणि मुरूड, अलिबाग करत तिला मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात नेले.

एका प्रश्नाने वाट सापडली

तिथल्या मेंदू-नसांच्या डॉक्टरांनी आमची फाइल बाजूला ठेवली आणि आपाला विचारले, ‘बाई, अगदी पहिल्यांदा बरं नाही असं कधी वाटलं? चेहरा वाकडा होण्याच्या आधी काही झालं होतं का?’

आपा म्हणाली, ‘आधी काही नाही.’ पण दुल्हाभाईंना आठवले. जूनमध्ये तिचा डोळा लाल झाला होता, उजेड सहन होत नव्हता. ‘डोळे आले’ म्हणून थेंब घातले होते. अम्मीला आठवले की जुलैमध्ये तिच्या दोन्ही कानांखाली सूज आली होती आणि संध्याकाळी बारीक ताप यायचा. गालगुंड समजून आम्ही लेप लावला होता.

डॉक्टरांनी हे सगळे एका कागदावर एकाखाली एक लिहिले. लाल डोळा, कानाखालची सूज, ताप, चेहऱ्याचा लकवा, तोही आधी एका बाजूचा आणि मग दुसऱ्या बाजूचा. मग तहान, छातीतल्या गाठी आणि दृष्टी. ते म्हणाले, ‘हे सात आजार नाहीत, बहुधा एकच आहे.’

डेन्मार्कमधल्या हीरफोर्ट नावाच्या नेत्रतज्ज्ञाने 1909 साली यातली पहिली चार लक्षणे एकत्र आढळणारे रुग्ण नोंदवले होते. पुढे कळले की तो ‘सारकॉयडोसिस’ या आजाराचा एक प्रकार आहे. आपाच्या बाबतीत हा आजार मेंदू आणि नसांपर्यंत पोचला होता. त्याला ‘न्यूरोसारकॉयडोसिस’ म्हणतात.

पाचही डॉक्टरांनी आपापल्या समोरचे लक्षण पाहिले होते. कोणाचीही नियत वाईट नव्हती. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना कानाखालची सूज आम्ही सांगितली नाही, छातीच्या डॉक्टरांना तहान सांगितली नाही. सगळ्या गोष्टी एकट्या आमच्या घराला ठाऊक होत्या आणि त्या एकत्र मांडल्या नाहीत त्या आम्हीच.

हा आजार आहे तरी काय?

सारकॉयडोसिसमध्ये शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा विनाकारण जागी होते आणि तिच्या पेशी ठिकठिकाणी गोळा होऊन बारीक गाठी करतात. या गाठींना ‘ग्रॅन्युलोमा’ म्हणतात. नेमके कारण अजून सापडलेले नाही. हा कर्करोग नाही. तो संसर्गजन्यही नाही, त्यामुळे एकाच ताटात जेवल्याने किंवा लेकराला कुशीत घेतल्याने दुसऱ्याला होत नाही.

आजार जुना आहे. लंडनच्या जोनाथन हचिन्सन या डॉक्टरांनी 1869 साली कोळशाच्या धक्क्यावर काम करणाऱ्या एका माणसाच्या हातापायांवरचे जांभळट चट्टे पाहिले, ती याची सुरुवातीची नोंद मानली जाते. 1899 मध्ये नॉर्वेच्या सीझर बोएक यांनी अशा चट्ट्यांचे सूक्ष्मदर्शकाखालचे वर्णन केले आणि त्यांच्या शब्दावरून आजच्या नावाचा उगम झाला. ग्रीक भाषेत ‘सार्क्स’ म्हणजे मांस, म्हणून मांसासारखी दिसणारी गाठ असा त्याचा अर्थ.

बहुतेकांच्या फुप्फुसांत आणि छातीतल्या गाठींत हा आजार असतो आणि अनेकांचा आपोआप शमतोही. साधारण शंभरातल्या पाच ते दहा रुग्णांमध्ये तो मेंदू, मज्जारज्जू किंवा नसांना त्रास देतो. अशा रुग्णांपैकी निम्म्या किंवा त्याहून अधिक जणांत मज्जासंस्थेचे लक्षण हीच आजाराची पहिली खूण असते. म्हणजे छातीत काही आहे हे माहीत होण्याआधीच चेहरा वाकडा होतो किंवा दृष्टी मंदावते.

गाठी कुठे बसतात त्यावर लक्षण ठरते. चेहऱ्याच्या नसेवर परिणाम झाला की लकवा होतो, आणि हे सर्वांत जास्त आढळणारे लक्षण आहे. दृष्टीच्या नसेवर झाला की धूसर दिसते. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते. तिच्या आसपास सूज आली की शरीरातले पाणी राखून ठेवणारा हार्मोन कमी पडतो, लघवी पाण्यासारखी होते आणि तहान भागत नाही. साखरेच्या मधुमेहाशी त्याचा संबंध नसतो. मेंदूच्या आवरणाला सूज आली की डोके दुखते. मेंदूतले पाणी तुंबले तर उलट्या होतात आणि गुंगी येते. काहींना आकडी येते. मज्जारज्जू सापडला तर पाय जड होतात, लघवीवरचा ताबा जातो. बारीक नसा सापडल्या तर तळपायांची आग होते.

एक गोष्ट विशेष सांगायला हवी. काही रुग्णांचा स्वभाव बदलतो, विसर पडतो, ते असंबद्ध बोलू लागतात. आपल्याकडे अशा वेळी ‘काहीतरी असर झालाय’ म्हणून महिनोन्‌महिने फिरवले जाते. दुआ जरूर करावी, पण त्याच आठवड्यात मेंदूची तपासणीही करावी.

टीबी की सारकॉयडोसिस?

हा प्रश्न आपल्या देशात सर्वांत अवघड, आणि दोन्हीकडे धोका आहे. टीबी नसताना टीबीच्या गोळ्या चालू ठेवल्या तर खरा आजार आत वाढत राहतो, आपाचा डोळा त्यातच गेला असता. उलट, टीबी असताना त्याची औषधे न देता नुसते स्टिरॉइड दिले तर टीबी पसरू शकतो. म्हणून घाईने इकडे किंवा तिकडे उडी मारून चालत नाही.

टीबीतही शरीरात ग्रॅन्युलोमाच होतात. फरक असा की टीबीच्या गाठीच्या मधोमध बहुधा पनीरासारखा मऊ, मेलेला भाग असतो. सारकॉयडोसिसच्या गाठीत तो सहसा नसतो. हे पाहायला गाठीचा तुकडा काढावा लागतो. आपाच्या घशातून नळी घालून छातीतल्या गाठीतून सुईने नमुना घेतला. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि टीबीच्या जंतूंसाठी जनुकीय चाचणी व कल्चरलाही पाठवला. टीबीच्या त्वचेवरच्या चाचणीची सुईही टोचली, ती उठली नाही. सारकॉयडोसिसमध्ये असे बऱ्याचदा होते.

मेंदूचा एमआरआय शिरेतून औषध देऊन काढला. मेंदूच्या तळाशी आवरण जाड झालेले आणि डाव्या दृष्टीच्या नसेभोवती सूज दिसली. त्यानंतर पाठीतले पाणी काढायचे ठरले तेव्हा आमच्या घरात रडारड झाली. ‘पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो’ असे आम्हीही ऐकले होते. डॉक्टरांनी चित्र काढून दाखवले की सुई कंबरेत घालतात आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. दोन दिवस आपाचे डोके दुखले, एवढेच. पाण्यात प्रथिने आणि पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या, टीबीचे जंतू सापडले नाहीत.

रक्तातली ‘एसीई’ नावाची चाचणी बरेच जण करून आणतात. ती एकटी पुरेशी नाही. आजार असूनही ती ठीक येऊ शकते आणि नसतानाही वाढू शकते. या आजाराचा एका चाचणीत निकाल लागत नाही. तज्ज्ञांनी 2018 मध्ये ठरवलेल्या निकषांत ‘निश्चित’, ‘संभाव्य’ आणि ‘शक्य’ अशा तीन पायऱ्या आहेत. मेंदूतल्या किंवा नसेतल्याच गाठीचा तुकडा मिळाला तरच निश्चित म्हणतात. शरीरात दुसरीकडे पुरावा मिळाला तर संभाव्य. आपाच्या कागदावर ‘संभाव्य’ लिहिलेले पाहून दुल्हाभाई चिडले होते, ‘म्हणजे यांनाही माहीत नाही!’ तसे नसते. डोळ्याच्या नसेचा तुकडा काढणे म्हणजे दृष्टीच घालवणे, म्हणून डॉक्टर मिळेल त्या पुराव्यावर चालतात आणि लक्ष ठेवतात. टीबीच्या गोळ्या डॉक्टरांनीच अहवाल पाहून बंद केल्या. त्या आपल्या मनाने कधीही थांबवू नयेत.

औषधांचा लांबचा रस्ता

दृष्टी धोक्यात होती म्हणून पाच दिवस शिरेतून स्टिरॉइड दिले, नंतर प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या. तहानेसाठी डेस्मोप्रेसिन मिळाले आणि कित्येक महिन्यांनी आपा रात्रभर झोपली. सहा आठवड्यांत चेहरा सरळ झाला. डाव्या डोळ्याची नजर बरीच परतली, पूर्ण नाही. दृष्टीची नस आणि मज्जारज्जू यांच्या बाबतीत उपचाराला जितका उशीर तितके कायमचे नुकसान, हे आम्ही किंमत मोजून शिकलो.

स्टिरॉइड हा शब्द ऐकूनच माणसे घाबरतात. आपाचा चेहरा गोल झाला, वजन वाढले, साखर चढली. ईदला आलेल्या पाहुण्यांनी ‘किती सुजलीस!’ म्हटले आणि तिने दुसऱ्या दिवशी गोळी घेतलीच नाही. दोन दिवसांत चक्कर, उलटी, अंगात त्राण नाही. कित्येक आठवडे बाहेरून स्टिरॉइड मिळाले की शरीर स्वतःचे बनवणे बंद करते. गोळी अचानक थांबवली तर जिवावर बेतू शकते आणि मूळ आजारही उलटतो. डोस डॉक्टरच हळूहळू, महिनोन्‌महिने कमी करतात.

स्टिरॉइडचा भार कमी व्हावा म्हणून तिला मेथोट्रेक्सेट दिले. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर रक्तपेशी घसरून जीव जाऊ शकतो. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर फक्त जुम्याला लाल खूण करतो आणि त्याच दिवशी गोळी देतो. या औषधावर असताना गर्भधारणा टाळावी लागते, हे नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे. काहींना अझाथायोप्रिन किंवा मायकोफेनोलेट देतात. आजार हटत नसेल तर इन्फ्लिक्सिमॅबचे सलाईन असते. ते महाग आहे आणि त्याआधी शरीरात टीबी लपलेला नाही ना, हे पाहावेच लागते.

आमच्या चाचीने मायेने कॅल्शियम आणि ‘डी’ जीवनसत्त्वाचे टॉनिक आणले, हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून. सुदैवाने आम्ही आधी विचारले. या आजारातल्या गाठी स्वतःच ‘डी’ जीवनसत्त्व जागे करतात, त्यामुळे रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. रक्त तपासल्याशिवाय असे टॉनिक देऊ नये.

रमजान आला तेव्हा

आजाराचे नाव कळून महिना झाला नाही तोच रमजान आला. आपाने लग्नानंतर रमजानचा एकही रोजा विनाकारण सोडला नव्हता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की पाणी राखणारा हार्मोन कमी असताना दिवसभर पाण्याविना राहिले तर शरीर सुकेल आणि रक्तातले क्षार बिघडतील. शिवाय स्टिरॉइडचा डोस मोठा होता. ती खूप रडली. आम्ही तिला घेऊन आमच्या मौलाना साहेबांकडे गेलो. त्यांनी समजावले की आजारी माणसाला सवलत अल्लाहनेच दिली आहे. बरे झाल्यावर राहिलेले रोजे पूर्ण करता येतात आणि बरे होण्याची आशा नसेल त्याच्यासाठी फिदया आहे. जिवाला धोका पत्करून रोजा धरणे म्हणजे दिलेली सवलत नाकारणे.

त्या रमजानमध्ये ती इफ्तारीला सगळ्यांबरोबर बसायची, मुलांचे रोजे सोडवायची. दिवसा घरात तिला कोणी पाणी पिताना टोकले नाही. ज्या घरात आजारी माणूस रमजानमध्ये चोरून गोळी घेतो, तिथे चूक आजाऱ्याची नसते.

आपल्या घराने काय करावे?

आपल्या खाडीकाठच्या गावांत मेंदूचा डॉक्टर नाही, एमआरआय नाही. पण घरात जे आहे ते मुंबईच्या रुग्णालयातही मिळत नाही, ते म्हणजे आजारी माणसाची सगळी हकीकत. म्हणून एक वही करा. प्रत्येक त्रासाची तारीख, दिलेले औषध आणि त्याने पडलेला फरक तिच्यात लिहा. लाल डोळा चेहऱ्याशी संबंधित नाही, खोकला तहानेशी संबंधित नाही, असे आपण ठरवू नका. वही प्रत्येक डॉक्टरांपुढे ठेवा.

चेहऱ्याचा लकवा दोन्ही बाजूंना झाला, पुन्हा उलटला किंवा काही महिन्यांत अजिबात सुधारला नाही, तर मेंदू-नसांच्या डॉक्टरांकडे जा. त्याबरोबर लाल डोळा, कानाखालची सूज, खोकला किंवा साखर ठीक असूनही न भागणारी तहान असेल तर ‘सारकॉयडोसिस असू शकतो का?’ असे विचारायला संकोच करू नका. नजर अचानक कमी होणे, आकडी, पाय लुळे पडणे, लघवी अडणे, गुंगी येणे, यांत एक दिवसही दवडू नका. शहराचा खर्च पेलवत नसेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कोणता उपचार बसतो, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

आज दीड वर्ष झाले. आपा दिघीला आपल्या घरी आहे. तिचे ताट पुन्हा सगळ्यांच्या ताटांबरोबर लागते, लेकरू तिच्याच कुशीत झोपते. तिलावतीसाठी तिने मोठ्या अक्षरांचा कुरआन शरीफ घेतला आहे. दर तीन महिन्यांनी ती मुंबईला तपासणीला जाते आणि पर्समध्ये ती वही असतेच. गेल्या वेळी फेरीतून उतरताना तिने ती आमच्या हातात दिली आणि म्हणाली, ‘हे लिहून काढा कुठेतरी. कुणाचा तरी डोळा वाचेल.’

अल्लाह सर्व आजारी माणसांना शिफा देवो, आणि त्यांच्या घरच्यांना सब्र आणि वेळेवर सावध होण्याची समज देवो. आमीन.